बयाजीची बैठक

फार वर्षांपूर्वी, माणसं काम करूनच दमत असत त्या काळात, माळावरच्या कुसळवाडीत बयाजी नावाचा शेतकरी होऊन गेला. त्याला बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवायचा तोही उभ्यानं; एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कुऱ्हाडीचा दांडा, आणि घाईत कधी कधी दांड्यालाच चावायचा, असं म्हणतात. लेकरं रडली की एका पायानं पाळणा ढकलायचा आणि हातांनी कणगी लिंपायचा.

थोरली लेक सुंदरा लग्नाची झाली, तेव्हा माळशिंगीचे हैबतराव तिला सून करून घ्यायला आले. बयाजी कुंपण घालत होता. हैबतरावांना आपलं थोर कूळ त्याच्या मागं मागं चालत सांगावं लागलं, आणि पणजोबांपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या धोतरात बोरीचे काटे मावेनासे झाले. मुलगी पसंत पडली, पण तो अपमान त्यांना गिळवेना. त्यांनी अट घातली, की लग्नात व्याह्यानं आपल्या मांडीला मांडी लावून बसायचं, ते शेवटची पंगत उठेपर्यंत. मध्येच उठला, तर वऱ्हाड तसंच माघारी.

सुंदराला मुलगा आवडला होता. चुलीपुढं बसून ती बापाकडे नुसती बघत राहिली.

"लेकीसाठी आजवर राबलात," कोंडाबाई नवऱ्याला म्हणाली, "आता तिच्यासाठी बसा."

बयाजीला वाटलं, एखादी विहीर खणायला सांगितली असती तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दिवशी तो बसला. त्याला बघायला शेजारच्या गावांतून माणसं आली, नवरदेवाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, असं म्हणतात. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. समोर मांडवाची एक मेढ कलली होती आणि ती बयाजीला दाढदुखीसारखी ठणकत होती. पण उठायची सोय नव्हती. शेवटी त्याच्या हातांनी स्वतःच काम शोधलं. हैबतराव ज्या लोडाला टेकले होते, तो घरच्या घायपाताच्या वाखाचे धागे भरून केलेला होता. उसवलेल्या शिवणीतून बयाजी एकेक बट ओढू लागला आणि दोर वळू लागला.

हैबतराव कुळाची थोरवी सांगत होते. लोड रिकामा होत गेला तसे ते खाली खाली जात राहिले, आणि पराक्रमी आजोबा आले तेव्हा पार आडवे झाले होते. दोर मात्र एवढा झाला, की येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो साऱ्या मेढींना गुंडाळला, तरी टोक बयाजीच्या हातात उरलंच.

तेवढ्यात माळावरून वावटळ आली. मांडव जमिनीपासून सुटला आणि वर निघाला. बयाजीनं दोर सोडला नाही, आणि लेकीचं लग्न मोडायचं नव्हतं म्हणून मांडीही सोडली नाही. तो पाटासकट घसरत निघाला. हैबतरावांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघे व्याही असे बसल्या बसल्या खळं ओलांडून बांधापर्यंत गेले, असं म्हणतात.

"व्याहीबुवा, उठा आता," हैबतराव म्हणाले.

"वऱ्हाड माघारी जाईल."

"जात नाही. सुंदरा माझी सून झाली. पण उठा की हो, मी तुमच्या पाया पडतो."

"शब्द दिला?"

"दिला, दिला."

तेव्हा कुठं बयाजी उठला. त्यानं टाचा मातीत रोवल्या आणि एक हिसका दिला. मांडव मुकाट्यानं खाली आला तो नेमका आपल्या जागी, आणि कललेली मेढही सरळ झाली. शेवटच्या पंगतीत हैबतरावांनी उभ्यानं वाढलं. कुळाचा विषय निघाला नाही.

कुसळवाडीत अजून ही चाल आहे. लग्न लागलं, की मुलीचा बाप व्याह्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. आता मांडवाला लोखंडी खांब असतात आणि बापाच्या अंगात कोट. सगळ्यांसमक्ष मुलाचा बाप हात जोडून म्हणतो, "व्याहीबुवा, उठा." मग मुलीचा बाप उठतो आणि बयाजीच्या नावानं मांडवाची एक गाठ आवळतो. गाठ आधीच घट्ट असते. तरी आवळतो.