माणकाखालची दाढ

एका राज्यात, जिथे पोपट न्यायनिवाडा करत आणि विहिरी विचारल्याखेरीज बोलत नसत, सुकेतू नावाचा राजा राज्य करी. शूर, उमदा, देखणा. पण बोलताना तोंडावर शेला धरी. प्रजेला वाटे, काय हा राजेशाही डौल! कसला डौल नि कसलं काय! राजाच्या तोंडाला घाण वास येत होता. दरबारात नाकं सगळ्यांना होती, बोलायची छाती कुणाला नव्हती.

त्या राज्याची रीतच तशी. राज्याभिषेकाला राजाच्या दाढेत खजिन्यातलं एक माणिक बसवायचं, आणि त्यानंतर राजाच्या तोंडात कुणी डोकावायचं नाही. राजवैद्यानेसुद्धा नाही. सुकेतूच्या वाट्याला आलं मायाधर जादूगाराचं माणिक, राजाच्या आजोबांनी लुटून आणलेलं. मायाधराने तेव्हाच शाप दिला होता, "ज्याच्या तोंडी हे जाईल, त्याचं माणूस त्याला दुरावेल." शाप ऐकणारे मरून गेले. माणिक तेवढं राहिलं.

पुढे सुकेतूचं लग्न झालं, बकुळा राणीशी. लग्नात विडा तोडायची पद्धत होती. नवरीने विड्याचं एक टोक दातांत धरायचं, नवऱ्याने दुसरं टोक दातांनी तोडायचं. बकुळा विडा धरून, डोळे मिटून उभी. करवल्या खिदळताहेत. आणि राजाने काय करावं? अडकित्ता मागवला, हात लांब केला, विडा मधोमध कापला! सारा मांडव हसला. बकुळा हसली नाही. तोंडातला अर्धा विडा तिने चांदीच्या डबीत ठेवून दिला.

तेव्हापासून राणी पूर्वेच्या महालात, राजा पश्चिमेच्या. तो शालू धाडी, मोती धाडी, स्वतः जात नसे. पण राणीने एक गोष्ट हेरली होती. कधीमधी तो बागेत येई, आधी शिखरावरच्या ध्वजाकडे बघे, आणि वारा तिच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तरच थांबे. झाडापलीकडून तिच्याकडे बघत राही. वारा फिरला की निघून जाई. असं कसं हे माणूस, बाई! तिला काही उमजेना. ती रोज दोन ताटं वाढायला सांगे, आणि एक तसंच उचलायला लावी.

राजाजवळ एक बोलणारी साळुंकी होती. तिच्यापाशी तो मन मोकळं करी.

"साळू, एकदाच तिच्या कानाशी लागून तिचं नाव घ्यायचंय. एवढंच गं."

"मग चला, महाराज. तीन दारं ठोठावू."

पहिलं दार लवंगबनातल्या जादूगाराचं. त्याने राजाला आगीची नदी ओलांडायला लावली आणि निखळ लवंगतेलाची कुपी दिली. साळुंकी म्हणाली, "महाराज, हे जहाल आहे." राजाने ऐकलं तर ना! गुळणीच भरली. हिरड्या भाजल्या, जीभ सोलवटली. दुपारपर्यंत लवंगेचा वास आला, मग लवंगेचा आणि घाणीचा मिळून आला.

दुसरं दार लिंबांच्या बेटावरच्या चेटकिणीचं. तिची हरवलेली सावली राजाने पाताळातून शोधून आणली. ती म्हणाली, "लिंबू नि खडेमीठ. रोज दात रगड." राजाने जोर लावून रगडले. दात आधी लखलखले, मग त्यांच्यावरचं कवचच झिजलं, आणि पाण्याच्या गार घोटाने कळ मस्तकात जाऊ लागली. वास होता तसाच.

तिसरं दार आरसे-तळ्यातल्या म्हातारीचं. तिने काहीच मागितलं नाही.

"आ कर," म्हणाली.

"आजी, दुसरं काही सांगा. पर्वत उचलून आणतो."

"पर्वत जागच्या जागी बरा आहे माझा. आ कर."

आगीची नदी ओलांडणारा हा मर्द, घोड्यावर टांग टाकून पळाला! म्हातारी साळुंकीला म्हणाली, "ज्याच्यापुढे तोंड उघडायची राजाला सर्वांत जास्त लाज वाटते, त्याच्यापुढे तो उघडेल तेव्हा माणकाचा शाप सुटेल. जा, सांग त्या माणसाला."

साळुंकी थेट बकुळाच्या गवाक्षात उतरली.

"राणीसाहेब, महाराजांना तुमचा कंटाळा आलेला नाही. त्यांच्या तोंडाला वास येतो."

"एवढंच?" बकुळा म्हणाली. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता संताप आला. "एवढंच? आणि मी इतकी वर्षं आरशात स्वतःचे दोष शोधत बसले!"

भर दिवसा, दासदासींच्या देखत, ती पश्चिमेच्या महालात शिरली. राजाने शेला तोंडाशी नेला, मान वळवून ध्वज शोधू लागला.

"ध्वजाकडे नको, माझ्याकडे बघा. आ करा."

"राणी, रीत मोडेल."

"रीत तुम्ही अडकित्त्याने मोडलीत तेव्हाच."

"किळस येईल तुम्हाला."

"येऊ दे की! किळस येईल आणि जाईल. मी जाणार नाही."

शेला खाली आला. त्याने तोंड उघडलं.

राणीला किळस आली. खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणी आलं. पण ती जागची हलली नाही. तिने नीट पाहिलं. लालभडक माणकाखाली दाढ काळी पडून पार सडली होती.

"दुखत असेल हो फार," ती म्हणाली. "पण मी यातली जाणकार नव्हे, मी हात लावणार नाही. वैद्यबुवांना बोलवा."

राजवैद्यांनी राजाच्या तोंडात पहिल्यांदाच पाहिलं आणि दाढ उपटली. माणिक परातीत पडलं, त्याचा बेडूक झाला, आणि उड्या मारत तो मायाधराच्या डोंगराकडे निघून गेला.

"आणि लवंग? लिंबू?" राजाने विचारलं.

"लवंग चघळावी, तेल ओतू नये. लिंबू वरणभातावर पिळावं, दातांवर नव्हे. जीभ हलक्या हाताने घासावी, बडीशेप खावी, पाणी भरपूर प्यावं. त्याने तोंड ताजं राहतं, महाराज, सडलेली दाढ बरी होत नाही. वास हटेना झाला की तोंड दाखवावं."

"विडा चालेल का?" राणीने हळूच विचारलं.

वैद्यबुवा मिशीत हसले. "जखम भरू द्या. मग नुसतं पान. चुना नको, सुपारी नको."

माणिक बसवायची रीत राजाने मोडून टाकली. जखम भरेपर्यंत दोघं एकाच पंगतीला बसली, तो पेज पिई, ती जेवे, आणि दुसरं ताट काही तसंच उचलावं लागलं नाही.

मग एका सकाळी, बागेत, बकुळाने हिरवं पान दातांत धरलं. या खेपेला डोळे उघडे ठेवले. राजा जवळ आला, आधी तिच्या कानाशी लागून त्याने तिचं नाव घेतलं, आणि मग पान तोडलं. वर ध्वज फडफडत होता. कुठल्या दिशेला, ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.