हद्दीचा दगड

जनावरं शेजारीशेजारी घरं बांधून माणसांसारखीच भांडायची, त्या काळची गोष्ट. ओढ्याकाठी वरच्या अंगाला घूस राहायची, खाली खेकडा. घुशीचं सांडपाणी खेकड्याच्या अंगणाखालच्या नळीतून ओढ्यात जायचं.

एक दिवस नळी तुंबली आणि घाण पाणी उलटं घुशीच्या घरात शिरलं. तिच्या पिल्लांचे अजून डोळेही उघडले नव्हते.

"खेकडेभाऊ, नळी तुमच्या अंगणात तुंबलीय. तुम्ही काढा."

"घाण तुमची, बाई. मी कशाला नांगी बुडवू? गेल्या साली हद्दीचा दगड ठोकलाय ना? तुंबलंय ते दगडाच्या तुमच्या बाजूला."

"तुमच्या बाजूला."

दुपारपर्यंत हेच चाललं. पाणी पिल्लांच्या अंथरुणाला लागलं, तेव्हा कुठं घुशीचं डोकं ठिकाणावर आलं. हद्द गेली खड्ड्यात म्हणत ती नळीत घुसली, ती थेट दगडावर आपटली. भांडणाच्या जोरात दोघांनी तो इतका खोल ठोकला होता की नळी फोडून आत उतरला होता. सालं, केस, पाचोळा, सगळं त्यालाच अडकलं होतं.

"भाऊ," ती आतून म्हणाली, "हे तर बरोबर हद्दीवरच तुंबलंय."

खेकडा तिरका चालत दगडापाशी आला. मग त्यानं वरून नांगीत दगड धरला, घुशीनं खालून रेटा दिला. दगड निघाला, पाणी वाहून गेलं. ओली पिल्लं त्याच दगडावर उन्हाला ठेवली.

दगड परत ठोकायचं कुणी नाव काढलं नाही. नळी कुणाची, ते आता दोघांनाही सांगता येत नाही. ज्याला आधी वास येतो, तो साफ करतो.