तोकड्या दिवसाच्या लेकीची कहाणी

ऐका सूर्यनारायणा, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीशी साळ्यांची आळी होती. तिथं म्हाळसा नांवाची सून नांदत होती. नवरा लुगडी विकायला गांवोगांव फिरे. घरीं सासू, राहीबाई.

ऐन हिंवाळ्यांत, वर्षांतल्या सगळ्यांत लहान दिवशीं म्हाळसेला लेक झाली. नांव ठेवलं रेवा. सासू म्हणाली, "तोकड्या दिवसाची पोर, आयुष्यही तोकडं. हिचा वाढदिवस करूं नये."

म्हाळसा नदीवर गेली, सूर्याला अर्घ्य दिलं, रडूं लागली. कांठावर एक म्हातारा ऊन खात बसला होता. "बाई बाई, कां रडतेस?" तिनं सांगितलं. मग म्हातारा म्हणाला, "दिवस लहान खरा. पण त्याच दिवशीं सूर्य माघारा वळतो. तुला वसा सांगतों, घेतलास तर टाकूं नको. त्या दिवशीं अंगणांत रांगोळीनं सूर्य काढावा. तिळाची भाकरी, मुगाची खिचडी करावी. लेकीला पाटावर बसवून ओवाळावं. आणि घरांत ज्याला कधीं कुणीं ओवाळलं नाहीं, त्यालाही ओवाळावं."

पहिलं वर्ष आलं. म्हाळसेनं लेकीला ओवाळलं. दुसरं कोण, तें कळेना. मग गाईला ओवाळलं. सासू पाठ फिरवून बसली. दुसरं वर्ष आलं. लेकीला ओवाळलं, लुगडीं विणायच्या मागाला ओवाळलं. सासू पाठ फिरवून बसली. तिसरं वर्ष आलं, तों सकाळींच रेवा तापानं फणफणली. डोळा उघडीना.

या खेपेला सासूनं पाठ फिरवली नाहीं. उशाशीं येऊन बसली. दुपारीं रेवेनं डोळे उघडले. "आजी, तूं ओवाळ."

"माझ्या हातानं नको ग. मीच तुला वाईट बोललें."

म्हाळसा म्हणाली, "आत्याबाई, तुमचा वाढदिवस कधीं असतो?"

"कुणास ठाऊक. जन्मतांच आई गेली. मला कुणीं पाटावर बसवलंच नाहीं."

मग म्हाळसेला वसा उमगला. रेवा म्हणाली, "आजी, माझा दिवस अर्धा घे."

"एवढासा तुझा दिवस, बाळ. त्यांतला अर्धा मी कसा घेऊं?"

"घ्या आत्याबाई," म्हाळसा म्हणाली. "उद्यांपासून तो वाढायचाच आहे."

मग राहीबाई पाटावर बसली, नातीला मांडीवर घेतलं. आपल्या हातानं तिला ओवाळलं. म्हाळसेनं सासूला ओवाळलं, कपाळीं कुंकू लावलं, तोंडांत गूळ घातला. सूर्य डोंगराला टेकला, तरी ऊन दारांत रेंगाळलं. दिवेलागणीला रेवेला घाम फुटला, ताप उतरला. तिनं भाकरी मागितली. आजीनं कुस्करून भरवली.

पुढं दरसाल त्या घरीं एका पाटावर दोघी बसूं लागल्या. रेवा मोठी झाली, लेकीबाळींची झाली. राहीबाईनं पणती पाहिली. जसा सूर्यनारायण त्यांना प्रसन्न झाला, तसा तुम्हां आम्हां होवो. कुणाचं लेकरूं ओवाळल्यावांचून न राहो, कुणाची म्हातारी न राहो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या पदरीं सुफळ होवो.