कोरडी परात

“आणि परात?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

थांबा. आधी सांगून ठेवतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. घाटाच्या पायथ्याशी मी उस्ताद आणि त्यांचा शिष्य, त्या दोघांपासून हातभर अंतरावर उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, त्या आठवड्यात मी तापाने अंथरुणात होतो. पण ज्याने मला हे सांगितलं त्याला थापा मारता येत नाहीत. ते काम तो माझ्यावर सोडतो.

तर, परात.

दस्तगीर उस्तादांच्या गॅरेजात एक रीत होती. संध्याकाळी गाडी लावली की इंजिनाखाली ॲल्युमिनियमची परात सरकवायची. सकाळी चहाच्या आधी ती बघायची. पाणी पडलंय का तेल, कुठल्या बाजूला, केवढं. वैद्याने नाडी बघावी तसं; कुठं काय बिघडलंय ते परात सांगायची.

भूपाल मगदूम त्याच गॅरेजात शिकला. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज होतं, आणि उस्तादांच्या शिष्यांत पहिला नंबर आपलाच, हे तो कुणी न विचारता सांगायचा.

“परात कोरडी आहे,” भूपाल म्हणाला. “थेंब नाही, उस्ताद.”

“परवापर्यंत गाडी गळत होती.”

“होती.”

“इंजिनाचं हेड उघडलंस?”

भूपालने रस्त्याकडे पाहिलं…

“नाही. बोल्ट गंजलेत. उघडताना हेड चिरलं तर असल्या गाडीचं दुसरं कुठनं आणू? रेडिएटरात बाटली ओतली. गळती बंद करायच्या औषधाची.”

“आम्ही हळद टाकायचो.”

“तिचीच परदेशी बहीण म्हणा.”

“हळद टाकून आम्ही गाडी गॅरेजपर्यंत आणायचो,” उस्ताद म्हणाले. “घाट चढायला न्हाई काढायचो.”

समोर ती लाल, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार सुरू करून ठेवली होती. जुन्या गाड्यांच्या घाटचढाईच्या शर्यतीचा दिवस. स्टिअरिंगमागे भूपालची मुलगी राजुल हेल्मेटचा पट्टा आवळत होती. पुढची गाडी सुटली की हिची पाळी.

“ओतली ते बरं केलं का न्हाई, तेवढं सांगा,” भूपाल म्हणाला.

त्याला ‘बरं केलंस’ ऐकायचं होतं. त्यासाठीच तर म्हाताऱ्याला गावाहून मुद्दाम आणवलं होतं.

 उस्तादांनी बॉनेट उचललं, भूपालचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा रेडिएटरच्या वरच्या कडेला टेकवला.

भूपालने हात ओढून घेतला. “भाजलं की, उस्ताद.”

“हं.”

त्यांनी तोच हात पुन्हा धरला आणि या वेळी मधोमध ठेवला.



गार होतं. त्याने तळवा थोडा सरकवला… गार. अजून थोडा… गारच. वर पाणी चांगलंच तापलेलं आणि इथं ते पोचतच नव्हतं.

“टेंपरेचरचा काटा काय म्हणतोय पोरी?” उस्तादांनी विचारलं.

“मधोमध आहे, आजोबा. मस्त चाललीय. आता काय तपासताय?”

सपाटीवर उभ्या गाडीचा काटा मधोमधच असतो; चढाला लागली की वर जातो. भूपालने वर पाहिलं. पहिलं वळण दिसत होतं. त्याच्या पलीकडे रस्त्याला एकाच बाजूला डोंगर होता, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ.

“औषध रेडिएटरच्या नळ्यांत बसलंय,” तो म्हणाला. “नळ्यांतच ना, उस्ताद? इंजिनात गेलं नसंल न्हवं?”

“मला कसं कळावं?” उस्ताद म्हणाले. “परात कोरडी आहे.”

पुढची गाडी वळणाआड गेली. झेंडेवाल्याने राजुलला हात केला.

भूपालने वाकून चावी काढली.

“बाबा? काय झालं? परत गळायला लागली?”

“न्हाई.”

“मग भिताय कशाला?”

इथं मला थांबायला हवं, कारण थोडी भेसळ झाली आहे. गाडी लाल नव्हती, धुण्याच्या साबणाच्या रंगाची होती. आणि चावी भूपालने काढली हे मी पदरचं घातलं. त्याचा हात दारापर्यंत गेला आणि तिथंच अडला. बापाचं तोंड बघून पोरीनेच इंजिन बंद केलं आणि मग ‘भिताय कशाला?’ हा प्रश्न विचारला. बाकीचं सगळं खरं. तिला उत्तर भूपालने दिलं नाही, तेही खरं. उत्तर उस्तादांनी दिलं, बॉनेट खाली ओढता ओढता.

“गळत होती तोवर भ्यायचं कारण नव्हतं, पोरी.”