सतरंजी उचलणारे

सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी भाऊसाहेब कोळपे आणि अण्णासाहेब दुधाळ हटून बसले होते. दोघेही सत्तरी ओलांडलेले, आणि दोघांचं पालुपद एकच, "मी सतरंज्या उचलून वर आलोय."

मावळत्या अध्यक्षा गोदूताई म्हणाल्या, "सभा संपलीच आहे. ही सतरंजी जो उचलेल, त्याचं पद."

दोघेही वाकले आणि एकेक टोक धरून जीव खाऊन ओढू लागले. धापा लागल्या, पण सतरंजी जागची हलेना. कार्यकर्ते तोंड लपवून हसू लागले.

"ताई, ही खाली खिळवलीय," कोळपे चिडून म्हणाले.

"नाही भाऊसाहेब. सतरंजी उचलणारा आधी तिच्यावरून उतरतो. तुम्ही दोघंही अजून तिच्यावरच उभे आहात."

दोघांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग मान वर करायचं धाडस दोघांपैकी कुणाचंच झालं नाही.