मऊ टोपी

"पण टोपी चटकन पेटली, तर त्यात वाईट काय, उस्ताद?"

उस्ताद दस्तगीर शिकलगार समोरच्या उघड्या रायफलीतलं जुनं तेल चिंधीने टिपत राहिले.

विचारणारा धैर्यशील इंगळे. नेमबाजीत नाव कमावलेला गडी. काडतूस आत ढकलणारा बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीवर त्याने एवढी बक्षिसं मिळवली होती, की मिरजेत लोक त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगत. काडतुसंही तो स्वतःची स्वतः भरायचा. आता त्याला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलींची काडतुसं भरायला शिकायचं होतं, म्हणून तो उस्तादांकडे आला होता. शिकलगारांच्या घरात हत्यारांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दुरुस्तीला आलेली रायफल त्यांच्या कारखान्यातच तपासली जाई, आणि मागच्या मैदानात त्यांची मुलगी शमीम तिच्यातून गोळ्या झाडून बघे.

काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी टोपी असते. हल्ली सगळे तिला प्राइमर म्हणतात. रायफलीतल्या पिनेने तिच्यावर टोला दिला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. या टोप्या कुणी मऊ पत्र्याच्या करतं, कुणी कठीण. मऊ टोपी हलक्या टोल्यानेही पेटते, कठीण टोपीला जोराचा टोला लागतो.

उस्तादांनी त्याला आल्या दिवशीच बजावलं होतं, की आपोआप भरणाऱ्या रायफलीला कठीण टोपीच लावायची.

धैर्यशीलला ते पटलं नव्हतं. त्याची सगळी बक्षिसं मऊ टोपीवरची. हलका टोला, नेमकी ठिणगी, आणि निशाणावरची छिद्रं एकमेकांत मिसळलेली. उस्ताद जुन्या सवयीने बोलतात, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

आणि काल संध्याकाळी त्याने तपासणीची सगळी काडतुसं मऊ टोप्या लावून भरली. आधी निशाण बोलू दे, मग आपण बोलू, असा त्याचा बेत होता.

त्या काडतुसांची पेटी घेऊन शमीम नुकतीच मैदानाकडे गेली होती.

उस्तादांनी चिंधी ठेवली. धैर्यशीलच्याच डबीतली एक मऊ टोपी उचलली आणि काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत बसवली. दारू नाही, गोळी नाही. नुसती टोपी.

वाळूने भरलेल्या पिंपात समोरच्या आपोआप भरणाऱ्या रायफलीची नळी रोखून त्यांनी पुंगळी आत ठेवली, आणि मागे ओढलेला बोल्ट सोडून दिला.

खट्‌.

त्यांनी पुंगळी बाहेर काढून धैर्यशीलच्या तळहातावर ठेवली. टोपीच्या मधोमध तिळाएवढा खळगा पडला होता.

"हा कुणी पाडला?"

"पिनेनं."

"आणि चाप कुणी ओढला?"

धैर्यशीलने खळग्यावर बोट फिरवलं.

हाताने बोल्ट लावताना माणूस तो सावकाश लावतो. इथे स्प्रिंग त्याला धाडकन पुढे फेकते, आणि आतली सुटी पिन त्या झोकात सरकून टोपीला जाऊन टेकते. प्रत्येक काडतुसाला. हे धैर्यशीलला ऐकून माहीत होतं. तरी तो म्हणाला, की एवढ्याशा टेकण्याने टोपी पेटत नाही, आत्ताच बघितलं की.

उस्तादांनी मान डोलावली. दुसरी टोपी बसवली. बोल्ट सोडला.

खट्‌.

आणखी एक.

फट्‌...

नळीच्या तोंडाशी धुराची बारीक रेघ उठली.

उस्तादांनी उजवा हात वर केला आणि पाची बोटं उघडून दाखवली. चापाला त्यातलं एकही लागलं नव्हतं.

धैर्यशीलला मैदानाकडे गेलेली पेटी आठवली. नळी निशाणाकडे असली, तर सुटलेली गोळी एक वेळ मातीत जाईल. पण बोल्ट पुरता बसायच्या आत काडतूस पेटलं, तर रायफल हातातच फुटते. तोंडासमोर.

तो दाराबाहेर धावला.

शमीम नेमाच्या जागी गुडघा टेकून बसली होती. रायफलीत काडतुसं चढवून झाली होती, बोल्ट मागे अडकवलेला होता. धैर्यशीलने लांबूनच हाक मारली. तिच्या कानांवर आवाज अडवायची झापडं होती. तिला ऐकू गेलं नाही.

तिचा हात बोल्टाकडे निघाला, तेव्हा त्याने मागून तिचा खांदा धरला.

तिने झापडं उतरवली, रायफल आहे तशी निशाणाकडे रोखून धरली आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"शमीमआपा, ठेव ती. काडतुसं माझ्या हातची आहेत."

"माहीत आहे की. तुझ्या हातची म्हणून तर मी निर्धास्त होते."

त्याने रायफल रिकामी केली, काडतुसं पेटीत भरली आणि पेटी उचलली. चालता चालता त्याने तिला सगळं सांगितलं. कारखान्याच्या दाराशी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अब्बांना तूच सांग."

त्याने सांगितलं. स्वतःच्या हुशारीसकट सगळं. पेटी उस्तादांच्या पुढ्यात ठेवून तो खाली मान घालून उभा राहिला. आता दार दाखवतील, असं त्याला वाटत होतं. आणि दाखवावं, असंही वाटत होतं.

उस्तादांनी पेटीकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर राखेसारखा झाला...

"पाणी पी," ते धैर्यशीलला म्हणाले.

मग दोघं खाली बसले आणि एकेक काडतूस सोडवू लागले. गोळ्या वेगळ्या, दारू वेगळी. बाहेर शमीम कट्ट्यावर बसून राहिली होती.

शेवटचं काडतूस सुटलं तेव्हा उन्हं कलली होती. उस्तादांनी फळीवरून कठीण टोप्यांची डबी काढून धैर्यशीलसमोर ठेवली.

"भर. शमीम थांबलीय."

धैर्यशीलने डबी उघडली. एक टोपी चिमटीत धरली. ती निसटली. पुन्हा धरली.

"उस्ताद, आज नको... माझा हात कापतोय."

"कापू दे. थांबेल तेव्हा भर," दस्तगीर शिकलगार म्हणाले. "काल तो कापत नव्हता, तेव्हा मी भ्यायला हवं होतं."