बकुळेच्या धर्मशाळेतली पाहुणी

हिरव्यागार सोनघाटात एक पिटुकली धर्मशाळा होती आणि ती चालवायची बकुळा, वय वर्षं दहा. आईबाप नव्हते, आत्या होती तीही देवाघरी गेली, म्हणून चूल, पाणी, केरवारे सगळं हिच्याच गळ्यात. अंगावर एकुलता एक विटका परकर. वाटसरू यायचे, रात्रभर घोरायचे, सकाळी चालू लागायचे. नाव तोंडात बसेपर्यंत माणूस गेलेलं असायचं. बकुळेला मैत्रीण म्हणून नव्हती. त्याचं तिला फार वाईट वाटायचं, पण रडत बसायला सवड कुणाला होती?

मग आली रुमा. बकुळेच्याच वयाची, लाल रिबिनींची, अखंड बडबडी. वाटेत पाय मुरगळून घोटा टम्म सुजलेला, त्यामुळे मुक्काम चार दिवसांवर गेला. बकुळा पाय शेकायची, रुमा गमती सांगायची, जेवायला दोघींत एक ताट. बकुळा जन्मात एवढी हसली नव्हती.

चौथ्या दिवशी मात्र रुमा गप्प गप्प. "उद्या आईचं गलबत घाटापलीकडे बंदराला लागतंय," ती म्हणाली. "दोन वर्षांनी येतेय गं. मी दिसले नाही, तर ती मला शोधत भलतीकडेच जाईल. आम्हाला ना घर, ना दार. मग कुठं गाठ पडायची?"

बकुळेनं तिचा घोटा आणखी एकदा शेकला. दुपारी ती परसात अबोलीला पाणी घालत होती, तेवढ्यात केशरी फुलांत काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! निळे-जांभळे इवले पंख, दवाच्या थेंबांचा मुकुट.

"मागच्या महिन्यात म्हातारी होऊन मी तुझ्याकडे उतरले होते," परी म्हणाली. "पाठ वळली की लोक लगेच केरसुणी उचलतात. तू मात्र मी वळणाआड होईपर्यंत थांबलीस."

"पाहुणा दिसेनासा झाल्याशिवाय केर काढू नये," बकुळा म्हणाली. "आत्यानं शिकवलंय."

"म्हणूनच तुला एक वर. पण सूर्य बुडायच्या आत मागायचा, आणि स्वतःसाठीच. दुसऱ्यासाठी मागितलास तर फुकट जाईल हं."

बकुळा मटकन पायरीवर बसली. रुमा इथंच राहू दे, असं मागितलं की मैत्रीण जन्माची! अटीतही चोख बसत होतं. शब्द अगदी ओठांवर आले. इतक्यात खिडकीतून रुमा दिसली. भिंत धरून चालून बघत होती. दोन पावलं टाकली, कळवळून बसली, पुन्हा उठली. बकुळेला स्वतःची लाज वाटली.

पण रुमाचा पाय बरा कर म्हणावं, तर ते दुसऱ्यासाठी. आली का पंचाईत? ऊन पायरी उतरून कुंपणापाशी पोचलं, तरी ती डोकं खाजवत होती. मग उठली.

"परीताई, माझ्यासाठीच मागते. माझी पाहुणी धडधाकट पायांनी घाट चढताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय."

"मोठी वकील आहेस गं," परी हसली.

आत रुमा उभी राहिली, नाचली, बकुळेच्या गळ्यात पडली, बोचकं उचलून निघालीसुद्धा. वर, आणखी वर. लाल रिबिनींचा ठिपका झाला आणि मग तोही गेला. बकुळेला हुंदका आवरेना.

"वेडाबाई," परी कानाशी म्हणाली, "बरे झालेले पाय एकाच दिशेला चालतात होय?" आणि सोनेरी, गुलाबी, पोपटी उजेडात ती विरून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुमा घाट उतरून धावत आली. मागून धापा टाकत तिची आई.

"आई, हीच ती," रुमा म्हणाली.

आईनं बकुळेकडे नीट पाहिलं, पदर खोचला आणि चुलीपाशी बसली.

"दोघी हात धुऊन या बघू आधी. वाढते मी."

असं दटावून बकुळेला आत्या गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. ती मुकाट्यानं हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूतच राहिली.